उजनीवर स्कुआ? आधी पंख नीट दाखवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबरात अरबी समुद्रात वादळ उठलं की उजनी धरणाच्या फुगवट्यावरचा एखादा फोटो आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागतो. काळपट तपकिरी पक्षी, लांब टोकदार पंख, सुरय (टर्न) या पाणपक्ष्याच्या मागे लागलेला. तासाभरात त्याचा ‘आर्क्टिक स्कुआ’ हा समुद्रपक्षी होतो आणि कधी कधी याच नावाने छापूनही येतो. बातमी जरूर द्यावी, पण नावाची एवढी घाई का?

असा पक्षी सोलापूर जिल्ह्यात येणारच नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत ज्यांना जेगर म्हणतात ते हे लहान स्कुआ उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात वीण करतात आणि बाकीचं वर्ष भर समुद्रावर काढतात. पोमरिन आणि आर्क्टिक या दोन जाती अरबी समुद्रात दिसतात. कोकणचा किनारा उजनीपासून सुमारे दोनशे किलोमीटर लांब असला, तरी वादळात सापडलेले समुद्रपक्षी जमिनीवर आत फेकले जातात.

ग्रुपवर हमखास पुढे येणारा पुरावा म्हणजे ‘त्याने सुरयाचा मासा हिसकावला’. स्कुआ ते करतातच. पाठलाग करून दुसऱ्याला तोंडातलं टाकायला लावणं हा त्यांचा धंदाच. पण हिवाळ्यात भिगवणला होडीतून फिरलेल्या कुणालाही विचारा, तपकिरी डोक्याचे कुरव (गल) एकमेकांशी काय करतात ते! घारीही त्यात मागे नाहीत. चोरीवरून चोराची जात ठरत नाही.

पाहायचा तो पंख. स्कुआच्या पंखाच्या टोकाकडील मोठ्या पिसांच्या बुडाशी पांढरा डाग असतो, खालून तो जास्त ठळक दिसतो. मोठ्या कुरवांची उडू लागलेली तपकिरी पिल्लं दुरून फसवतात, पण त्यांना हा डाग नसतो. घारीची शेपटी दुभंगलेली असते, आणि भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी पंख वर उचलून हेलकावत तरंगतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरी कसोटी या लहान स्कुआंच्या तीन जाती वेगळ्या करताना लागते. प्रौढ पक्ष्याच्या शेपटीची मधली पिसं वाढलेली असतील तर प्रश्न मिटतो: पोमरिनची रुंद, चमच्यासारखी पिळलेली, आर्क्टिकची आखूड, टोकदार, तिसऱ्याची, म्हणजे लांब शेपटीच्या स्कुआची, नावाप्रमाणेच. मात्र ही पिसं तुटतात, झडतात आणि पिल्लांना ती नावालाच असतात. शिवाय पोमरिन आणि आर्क्टिकमध्ये फिकट पोटाचे आणि सबंध काळपट असे दोन्ही पक्षी आढळतात, त्यामुळे रंगावर जाऊ नये. मग उरतं ते अंग आणि उडणं. पोमरिन छातीने भरलेला, जड. त्याची चोच जाड आणि बहुधा दुरंगी. आर्क्टिक सडसडीत, वेगवान. लांब शेपटीचा सर्वांत नाजूक, सुरयाच्या वळणाचा. वरून पाहता त्याच्या पंखात बहुधा दोनच पिसांच्या दांड्या पांढऱ्या दिसतात, इतर दोघांच्या जास्त. एका धूसर फोटोवरून यातलं काय कळणार? जाणकारसुद्धा पिल्लांपुढे हात टेकतात.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर ‘जेगर, जात अनिश्चित’ अशी नोंद करण्याची सोय आहे. ती वापरण्यात कसला कमीपणा? उलट चुकीच्या जातीची नोंद एकदा यादीत शिरली की वर्षानुवर्षं निघत नाही.

आपल्या दैनिकाला एवढीच विनंती, की असा फोटो आला तर तारीख, वेळ आणि ठिकाण मागून घ्या. फुगवट्याकाठचं केत्तूर की कुगाव, हेही महत्त्वाचं. एकाऐवजी सगळे फोटो मागा, विशेषतः पंख खालून-वरून दाखवणारे आणि चोचीचे, कातरलेले नकोत. अनुभवी निरीक्षकांनी पाहीपर्यंत ‘स्कुआ गटातील पक्षी’ एवढंच छापा. आणि पक्षी काठावर थकून बसलेला असेल तर जागा छापण्यापूर्वी वन विभागाला कळवा, कारण दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक, सोलापूर