सीताबर्डीचा किल्ला विकला, दाखवला नाही

अमरावती
दि. 13 जानेवारी 2026

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 10 व 11 जानेवारीच्या नागपूर वीकेंड पॅकेजबाबत तक्रार आणि 9,420 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आम्ही चौघी मैत्रिणी तीस वर्षांपूर्वी नागपुरात धंतोलीतल्या एका होस्टेलवर राहायचो. आता एक पुण्याला, एक नाशकात, एक वर्ध्याला आणि मी अमरावतीत. पुण्याच्या मैत्रिणीला 10 जानेवारीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस कुठे करायचा असं विचारलं, तर ती लगेच म्हणाली, "मला बर्डीचा किल्ला आतून बघायचाय." ती शाळेत इतिहास शिकवते. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची 1817 ची सीताबर्डीची लढाई तिने किती वर्गांना शिकवली असेल, त्याला मोजदाद नाही. कॉलेजच्या दिवसांत आम्ही रोज त्या टेकडीखालून जायचो, परीक्षेआधी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडायचो, पण किल्ल्यात कधी पाऊल पडलं नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात. सर्वसामान्यांना तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी बघायला मिळतो, आणि नेमक्या त्याच तारखांना आम्ही आपापल्या गावी गेलेल्या असायचो.

म्हणून आपल्या ॲपवर "सीताबर्डी किल्ला आतून, रामटेक आणि सावजी डिनर" असं पॅकेज दिसलं तेव्हा मी आधी हरखले नाही, शंका काढली. चॅटवर सरळ विचारलं, "दहा तारखेला शनिवार आहे. त्या दिवशी किल्ल्यात सोडतात का?" आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिलं, "हो मॅम, आमच्याकडे स्पेशल परमिशन आहे." स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. या उत्तरावर विसंबून मी त्याच संध्याकाळी चौघींचे पैसे भरले. त्यात दरडोई 650 रुपये "हेरिटेज पास"चे होते.

शनिवारी सकाळी आम्ही किल्ल्याच्या फाटकाशी उभ्या होतो. मैत्रीण करवतकाठी साडी नेसून आली होती. गाइड "पाच मिनिटांत पोचतो" असं म्हणत राहिला आणि चाळीस मिनिटांनी त्याचा फोन बंद झाला. मग मीच पुढे होऊन फाटकावरच्या जवानाला पास दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि फार अदबीने म्हणाला, "मॅडम, ये हमारा नहीं है. छब्बीस तारीख को आइए."

त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. आपल्यावर आहे. आपल्या कस्टमर केअरने मला ऐकवलं की किल्ल्याची भेट "उपलब्धतेनुसार" असते. पाऊस आला, रस्ता बंद झाला, तर हे उत्तर मी समजू शकते. इथे अचानक काहीच घडलं नव्हतं. आपण पैसे घेतलेत त्या दिवशीही दहा तारखेला किल्ला बंद असणार हे ठरलेलंच होतं. आपल्याला माहीत नसेल तर विचारायला हवं होतं, आणि माहीत असेल तर मग बोलायलाच नको.

सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. यंदा 26 जानेवारी सोमवारी येते. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी. चॅटवर "दहाला नाही, सव्वीसला या" एवढं खरं सांगितलं असतं, तर आम्ही वाढदिवस सोळा दिवसांनी साजरा केला असता आणि पॅकेजही आपल्याकडूनच घेतलं असतं.

आता बाकीचं. हॉटेल "सीताबर्डीपासून 5 मिनिटं" असं लिहिलं होतं. ते निघालं वर्धा रोडवर खापरीच्याही पुढे, बर्डीपासून पंधराएक किलोमीटर. पाच मिनिटांत तिथून बर्डीला जायचं तर विमानच हवं. विमानतळ वाटेतच लागतो म्हणा. शनिवारी दुपारी गाडी "सर्व्हिसिंगला" गेली, तेव्हा खापरीहून मेट्रो पकडून बर्डी गाठली आणि पुढे रिक्षाने दीक्षाभूमीला जाऊन आलो. ती दुपार चांगली गेली, पण त्यात आपला काही वाटा नाही.

रविवारी रामटेक. पॅकेजमध्ये गाडी दिवसाला 80 किलोमीटरपर्यंत मोफत. नागपूर ते रामटेक अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन-येऊन शंभर. ज्या सहलीची जाहिरात आपणच करता, ती आपल्याच किलोमीटरमध्ये बसत नाही, हे पॅकेज बनवणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही? आमचे 130 झाले, कारण हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला. वरच्या 50 किलोमीटरचे 18 रुपयांप्रमाणे 900 रुपये ड्रायव्हरने गडमंदिराच्या पायथ्याशीच मागितले. दिले. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष!

शनिवारचं सावजी डिनर म्हणजे लाल रंग घातलेली पनीरची भाजी. सावजी रश्श्याने डोळ्यांतून पाणी काढलं पाहिजे, आम्हाला वरून मीठ मागावं लागलं. हे चवीचं प्रकरण आहे, पैसे मागत नाही. मात्र पॅकेजबाहेर जे मागवलं, त्याच्या 4,200 रुपयांच्या बिलात दहा टक्के सेवा शुल्क न विचारता लावलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही. हे मी मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "ॲपवाल्यांना विचारा." म्हणून विचारते आहे.

आणि "बर्थडे सरप्राइज", 2,500 रुपये. केक आला. त्यावर निळं अस्वल, 1 आकड्याची मेणबत्ती आणि "बाळाचा पहिला वाढदिवस". मैत्रीण इतकी हसली की तिने तोच कापला. पण कुठल्यातरी घरी त्या रात्री एका बाळासमोर पन्नाशीचा केक गेला असणार, त्याचीही जरा चौकशी करा.

रविवारी रात्री ॲपवर तक्रार नोंदवली. सहा मिनिटांत "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आणि पुढच्या सहलीसाठी 500 रुपयांचं कूपन आलं. ते मी वापरणार नाही.

माझी मागणी अशी: हेरिटेज पासचे 2,600, जादा किलोमीटरचे 900, सरप्राइजचे 2,500, सेवा शुल्काचे 420 आणि दोन खोल्यांच्या 9,000 रुपये भाड्यातले 3,000. एकूण 9,420 रुपये, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. शिवाय "किल्ला आतून" ही ओळ ॲपवरून आजच काढा. उद्या दुसरं कुणी आपल्या आईला घेऊन त्या फाटकाशी उभं राहायला नको.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी 1915 या हेल्पलाइनवर आणि नंतर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कायद्यानुसार मी राहते तिथेच दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

पैसे 24 तारखेच्या आत आले तर बरं. आम्ही चौघी सव्वीसला पुन्हा जातो आहोत आणि पुण्याहून येणाऱ्या तिकिटाला ते उपयोगी पडतील. या वेळी गाडी नको. मेट्रोने बर्डीला उतरू आणि चालत जाऊ.

आपली ग्राहक,
बुकिंग करणारी मैत्रीण

सोबत: चॅटचा स्क्रीनशॉट, पास, हॉटेलचं बिल, ड्रायव्हरची पावती आणि केकचा फोटो