बी विंगमागच्या उतारावर कृत्रिम हिरवळ टाकण्याआधी पाण्याची वाट ठरवावी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

विषय : कृत्रिम टर्फच्या दरपत्रकात पाण्याच्या निचऱ्याचे काम समाविष्ट करण्याबाबत

महोदय,

बी विंगमागच्या उताराच्या जागेवर टर्फ टाकण्याचे दरपत्रक सूचना फलकावर लावले आहे. जागा स्वच्छ व्हावी, मुलांना खेळायला मिळावे, याला आमचा विरोध नाही. मात्र दरपत्रकात लिहिलेला ‘४ इंच मुरूम, २ इंच चुरी, त्यावर ३५ मिमी टर्फ’ हा थर आपल्या जमिनीवर एक पावसाळाही धड काढणार नाही. या स्वरूपात त्याला मंजुरी देऊ नये, ही विनंती.

अडचण काळ्या मातीची आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती फुगून बंद होते. एकदा भिजली की तिच्यातून पाणी खाली जवळजवळ जातच नाही. म्हणून ‘खोदा, गिट्टी भरा, पाणी आपोआप मुरेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी. गिट्टीत पाणी साचते, खालची माती लोण्यासारखी होते आणि पायाखाली दाब आला की गाळ गिट्टीत वर चढतो. मग टर्फ कुठे दबते, कुठे फुगते आणि वास यायला लागतो. इथे पाणी आडवे वाहून न्यावे लागते. बाकी सगळे काम त्यावरूनच ठरते.

जागा उताराच्या दिशेने २४ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. वरच्या ड्राइव्हवेपासून खालच्या आवारभिंतीपर्यंत साधारण १.४ मीटर उतार मिळतो, म्हणजे १७ला १. एवढा उतार पुरेसा आहे, पायऱ्या किंवा रिटेनिंग वॉलची (माती अडवणाऱ्या भिंतीची) गरज नाही. पण पावसाचा तासाला ६० मिमीचा जोर धरला, तर या ३६० चौरस मीटरवरच सेकंदाला ६ लिटर पाणी पडते. टर्फखाली निचऱ्याचा ११० मिमीचा पाइप १००ला १ या उताराने बसवला तर भरून वाहताना साधारण ७ लिटर नेतो. म्हणजे तो या जागेच्या पाण्यातच भरला. ड्राइव्हवे आणि गच्चीचे पाणी त्यात सोडले तर ते टर्फखालून उसळी मारेल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिमीहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला होता. तसला पाऊस पुन्हा येणार नाही, असे धरून काम करता येत नाही.

त्यामुळे पहिले काम वरच्या कडेला. ड्राइव्हवेच्या काठावर १५ मीटर लांब, २०० मिमी रुंद आणि २०० मिमी खोल नाली, वर बिडाची जाळी. गच्चीचे पाइप बंद लाईनने थेट या नालीच्या पुढच्या चेंबरमध्ये न्यावेत. टर्फच्या जागेत फक्त तिथे पडलेले पाणी राहिले पाहिजे.

त्यानंतर खोदाई २५० मिमी. तळ उताराच्या दिशेने एकसारखा करून दाबावा, मध्ये खोलगट भाग राहू नये. त्यावर २०० जीएसएमचे (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे) नॉन-वोव्हन जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे न विणलेले कापड, जोडाला ३०० मिमी एकावर एक चढवून. जोड धरून सुमारे ४२० चौरस मीटर लागेल. प्लास्टिकची ताडपत्री चालणार नाही. माती अडवायची आहे, पाणी नाही. त्यावर १५० मिमी धुतलेली २० ते ४० मिमी गिट्टी, दोन थरांत प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. दबणूक धरता २० ते २२ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). सर्वांत वर ३० मिमी ६ ते १० मिमीची बारीक गिट्टी. या थरात मुरूम आणि चुरी अजिबात नको: दोन्हींतली बारीक धूळ पाण्याबरोबर खाली बसते आणि गिट्टीतल्या पोकळ्या बुजवते. दरपत्रक स्वस्त दिसते ते नेमके याच दोन शब्दांमुळे.

गिट्टीखाली, मातीत कोरलेल्या चरांत, दर ५ मीटरला एक याप्रमाणे चार आडव्या ओळी हव्यात. ११० मिमीचा छिद्रांचा पाइप, छिद्रे खालच्या बाजूला, भोवती जिओटेक्सटाइल, आणि एका बाजूकडे १००ला १ उतार. म्हणजे १५ मीटरमध्ये १५ सेंमी. पाइप सरळ उतारावरून खाली टाकण्याची सवय सर्वत्र आहे, पण तसे केले की दोन पाइपांमधले पाणी त्यांना न भेटताच खाली निघून जाते. ओळींच्या टोकांना जोडणारा बाजूचा पाइप बिनछिद्राचा, १६० मिमीचा. प्रत्येक ओळीच्या वरच्या टोकाला झाकणाचा क्लीनिंग पॉइंट ठेवावा, नाहीतर दोन वर्षांनी टर्फ कापून पाइप शोधावे लागतील.

खालच्या कडेचा काँक्रीटचा काठ बहुतेक ठिकाणी अखंड बांधतात आणि तोच बंधारा होतो. त्यात दर मीटरला ५० मिमीची वीप होल (पाणी बाहेर पडायची भोके) ठेवावीत. तिथून आलेले पाणी आवारभिंतीच्या पायाशी मुरू देऊ नये, कारण पायाजवळची काळी माती एका बाजूने भिजली की भिंत तडकते. ६०० बाय ६०० मिमीचे चेंबर, तळाशी ३०० मिमी गाळाची जागा, तिथून पुढे पावसाळी नालीला. सांडपाण्याच्या गडर लाईनला जोडणे योग्य नाही. रिचार्ज पिट (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) करायचा असेल तर तो काळी माती ओलांडून मुरमात किंवा फुटलेल्या बेसॉल्टपर्यंत गेला पाहिजे, आणि टर्फचे तंतू अडवायला आधी जाळी.

काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे. तेव्हा माती दाबण्याजोगी ओलसर असते. मेमध्ये भेगांवर थर बसतो आणि जूनमध्ये खचतो. टर्फचे सांधे उताराच्या दिशेने यावेत, आडवे सांधे वाहत्या पाण्याने सुटतात. उन्हाबद्दल एवढेच की एप्रिल-मेच्या दुपारी टर्फ अनवाणी पाय ठेवण्याजोगे राहत नाही. ती वेळ खेळासाठी धरू नये.

शेवटच्या हप्त्यापूर्वी पूर्ण व्हायची एक अट करारात घालावी. टर्फ अंथरण्याआधी ५ हजार लिटरचा एक टँकर वरच्या कडेला ओतावा. काही मिनिटांत खालच्या चेंबरमध्ये पाणी दिसायला हवे, गिट्टीवर डबके नको आणि काठाबाहेर गढूळ पाणी नको. हे समितीच्या दोन सदस्यांसमोर झाले की मगच टर्फचे रोल आवारात यावेत.

आपले,
बी व सी विंगमधील रहिवासी