सातबाऱ्यावर तिचं नाव लागावं म्हणून हातभार लावा

गावातल्या आणि गाव सोडून पुण्या-मुंबईला, सुरत-हैदराबादला, त्याहूनही लांब गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांना ग्रामसंघाच्या बायांचा नमस्कार.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं पाऊल उचलायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेतही तो ठराव हात वर करून मंजूर झाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आता हळदीकुंकवाला त्या बायांना बोलावणं जातं. पण मागच्या संक्रांतीला वाण घेता घेता त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं, "कपाळाचं झालं, बाई. रानाचं काय?"

त्या प्रश्नावरून हे आवाहन लिहीत आहोत.

तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. चार एकर सोयाबीन आणि तूर ती एकटी करते. बी-बियाणं तीच आणते, फवारणीला माणूस तीच बघते, मळणीच्या रात्री खळ्यावर तीच जागते. पण सातबाऱ्यावर सासऱ्यामागं फक्त थोरल्या दिराचं नाव लागलेलं, पुढं तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिच्या नवऱ्याचं नावच कधी चढलं नाही, तर तिचं कुठून चढणार? म्हणून सोसायटी पीककर्ज देत नाही. पीकविमा दिराच्या नावानं निघतो. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये तिला नाहीत. एप्रिल 2025 पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मिळतो ज्याच्या नावावर जमीन त्याला. सहा वर्षं शेती करूनही सरकारी कागदाला ती शेतकरी म्हणून ठाऊक नाही.

दुसरा प्रकार आणखी अवघड, कारण तो चटकन दिसत नाही. काही सातबाऱ्यांवर बाईचं नाव असतं, पण इतर हक्कांच्या रकान्यात, मालकाच्या नाही. कब्जेदार म्हणून मुलगे किंवा दीर, आणि विहिरीच्या हिश्शाशेजारी, सोसायटीच्या बोज्याशेजारी विधवेचं नाव. "नाव आहे की तुमचं," असं सांगून तिला परत पाठवलं जातं. रकाना वाचायला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून ती समाधानानं घरी जाते. आमच्यातल्या कित्येकींना गेल्या दोन वर्षांतच कळलं की आपलं नाव चुकीच्या जागी आहे.

2025 च्या उन्हाळ्यात शासनानं जिवंत सातबारा मोहीम घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची होती. मोहीम चांगली होती, तिचा फायदा खूप घरांना झाला. पण वारसांची यादी देतो कोण? घरातला कर्ता पुरुष. यादीत सून राहून जाते, लग्न झालेल्या लेकी राहून जातात. हे दर वेळी मुद्दाम होतं असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा कोणाच्या मनातच येत नाही.

कायदा मात्र बाईच्या बाजूनं आहे, आणि तो सहज मिळालेला नाही. लेकीला आणि बायकोला मालमत्तेत वाटा देणारं हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठं कारण होतं. पुढं 1956 च्या वारसा कायद्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीनं वारस केलं आणि पूर्ण मालक केलं. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, देशानं तो 2005 साली दिला. वडील कधी वारले यावरून मुलीचा हक्क ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं. नवऱ्याच्या हिश्शात बायको, आई आणि प्रत्येक मूल यांचा वाटा सारखा. विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण तिशीच्या आतल्या मुलींना याच भीतीनं गप्प बसवलं जातं.

तरीही 2015-16 च्या कृषी गणनेत देशातली बायांची वहिती खाती शंभरात साधारण 14 निघाली. शेतात वाकलेल्या बाया मोजायला गेलं तर त्याहून कितीतरी जास्त निघतील.

हे दुखणं एकट्या आपल्या गावाचं नाही. संयुक्त राष्ट्रांनी 23 जून हा जागतिक विधवा दिन म्हणून मान्य केला आहे. बायांवरचा भेदभाव मिटवण्याच्या 1979 च्या जागतिक करारात ग्रामीण बायांसाठी वेगळं कलम आहे, आणि भारतानं त्या करारावर 1993 साली शिक्कामोर्तब केलं. आफ्रिकेतल्या रवांडा देशाची गोष्ट आम्ही बैठकीत सांगतो, तेव्हा बाया कान देऊन ऐकतात. 1994 च्या नरसंहारात तिथं लाखो माणसं मारली गेली, घरोघरी विधवा आणि पोरक्या मुली उरल्या, आणि जुन्या रूढीप्रमाणं त्यांना जमीन मिळत नव्हती. 1999 साली त्या देशानं मुलींना वारसाहक्क देणारा कायदा केला, आणि पुढं देशभर जमिनीची नोंदणी करताना नवरा-बायको दोघांची नावं लावली. एवढ्या मोठ्या आकांतातून गेलेल्या देशाला जे जमलं, ते आपल्या गावाला जमायला हवं.

आता मदत कशासाठी हवी ते सांगतो. गुरुवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही वारसनोंद मदत केंद्र चालवतो. बाई बाजाराला येतेच, तिला वेगळी मजुरी बुडवावी लागत नाही. अर्ज लिहून देणं, मृत्यूचा दाखला काढणं, वारसांचं प्रतिज्ञापत्र करणं, तलाठ्याकडे (आता हुद्दा ग्राम महसूल अधिकारी झाला, पण आम्ही तलाठीच म्हणतो) अर्ज देऊन पोच घेणं, ही कामं बाया स्वतः शिकल्या आहेत. फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) पडला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि काम होतं. हरकत आली की तारखा सुरू होतात, आणि तिथं आमची ताकद संपते. प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील करायला 60 दिवसांची मुदत असते. आमच्या एका मैत्रिणीची ती निघून गेली, कारण निकालाची नक्कल हातात यायला आणि वकिलाच्या फीचे पैसे जमायला उशीर झाला. ती रात्री केंद्रातच बसून राहिली होती. तसं पुन्हा कोणाचं होऊ नये.

तेव्हा पैसा हवा आहे तो जुने फेरफार आणि नकला काढायला, प्रतिज्ञापत्रांना, मोजणीच्या फीला आणि हरकतीच्या प्रकरणांत वकिलाला. 2023 पासून बायांना एसटीचं तिकीट निम्मं आहे, पण तालुक्याची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, आणि लहान पोरं असतील तर त्यांना सांभाळायला कोणी लागतं. 100 रुपये द्या, 5000 द्या, पावती मिळेल. खात्याचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे, आणि खर्चाचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवू.

पैशाइतकीच माणसं हवीत. आपल्या भागातून निवृत्त झालेले तलाठी, मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखमधले कर्मचारी पुष्कळ आहेत. महिन्यातून एक गुरुवार द्या. जुना फेरफार वाचता येणारा एक माणूस खोलीत असला तर आमचे तीन हेलपाटे वाचतात. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी वर्षाला एक प्रकरण बिनफीचं घ्यावं, एवढीच विनंती.

आणि एक मागणं शहरात राहणाऱ्यांकडं. भाऊ वारला, त्याची बायको गावात रान सांभाळते, तुम्ही वारसांपैकी एक आहात आणि जबाबाला यायला सवड नाही म्हणून नोंद अडकली आहे, अशी प्रकरणं आमच्या फायलीत आहेत. देणगी नाही दिली तरी चालेल. दिवाळीला गावी याल तेव्हा एक सकाळ काढून जबाब द्या. भाऊबीजेच्या सुमारास बहिणींसमोर हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो, हेही आम्हाला दिसतं. बहिणीला तो कागद आधी वाचू द्या, तिला विचार करायला वेळ द्या.

ज्या घरात नवरा-बायको दोघं आहेत, त्यांनी तर वाट पाहूच नये. 1986 साली चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं आणि हजारो शेतकऱ्यांनी राजीखुशीनं बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. पुढं शासनानंही नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तो अर्ज केंद्रात मिळतो, आम्ही भरून देतो.

पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत जितक्या नोंदी होतील तितक्या करायच्या आहेत, म्हणजे या हंगामाचा विमा आणि कर्ज त्या बाईच्या नावानं निघेल. गुरुवारी सकाळी दहापासून बाजार उठेपर्यंत आम्ही खोलीत असतो. येताना घरातला सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) घेऊन या. तुमच्या आईचं, बायकोचं, वहिनीचं नाव कुठल्या रकान्यात आहे, ते बसून बघू.

आपल्या,
ग्रामसंघाच्या सर्व बाया