आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : गोळी देण्याआधी मामाची नजर विचारा

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

पुण्यातल्या एका क्षयरोग केंद्रावर २२ वर्षांच्या मुलाचे एथॅम्ब्युटॉल हे क्षयाचे औषध परवा बंद झाले, पण दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेल्यावर. त्याच्या मामाचीही नजर विशीतच गेली होती. आईकडच्या कोणाची नजर अशी गेली आहे का, हा प्रश्न केसपेपरवर छापू, असे आश्वासन गेल्या वर्षी मिळाले होते. केसपेपर अजून जुनाच आहे.

मामाचे का विचारायचे? लेबर ऑप्टिक न्यूरोपॅथी या डोळ्याच्या नसेच्या आनुवंशिक आजाराचा दोष मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, डीएनएत असतो आणि तो आईकडूनच येतो. ११७७८, १४४८४, ३४६० या तीन जागांवरचे बदल सुमारे ९० टक्के रुग्णांत सापडतात. त्याने पेशीत ऊर्जा बनवण्याची पहिलीच पायरी अधू होते. मधल्या नजरेचे बारीक तंतू आधी मरतात, म्हणून कडेचे दिसते आणि समोरचा चेहरा दिसत नाही. दोष असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांची, बायकांपैकी दहातल्या एकीची नजर जाते. तंबाखू आणि दारूने धोका वाढतो. एथॅम्ब्युटॉल तर मुळातच डोळ्याच्या नसेला घातक. अशा घरात ते टाळायचेच असते.

आणि आपण किती देतो? ५५ किलोच्या माणसाला रोज चार गोळ्या, प्रत्येकीत २७५ मिलिग्रॅम, म्हणजे ११००. तेही संपूर्ण सहा महिने. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात साठते. क्षयाचा उपचार थांबवा असे कोणीच म्हणत नाही, पर्यायी औषध तज्ज्ञाने ठरवावे. पण आधी आईकडच्यांची चौकशी हवी, प्रत्येक डोळा वेगळा झाकून तक्ता वाचून घ्यायला हवा, इशिहाराच्या पाट्यांवर रंग तपासायला हवेत, आणि हे दर महिन्याला व्हायला हवे. याला दहा मिनिटे लागतात, साहेब!

नजर गेली की नसेची सूज समजून स्टिरॉइडची सलाइन लावतात. या आजारात डोळा हलवताना दुखत नाही, बाहुली उजेडाला बऱ्यापैकी आकसते, हे कोणी बघत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडे रक्त घेऊन डीएनए तपासला की निदान होते. ते घरच्यांनी पदरच्या पैशाने खासगी प्रयोगशाळेत पाठवायचे. युरोपात २०१५ पासून मान्य असलेले या आजारावरचे औषध आयडेबेनोन, रोज ९०० मिलिग्रॅम, तेही स्वतःच शोधायचे.

क्षयाचा विभाग डोळ्यांकडे बघत नाही, डोळ्यांचा विभाग क्षयाकडे बघत नाही. माणूस एकच असतो, त्याचे आंधळेपण मात्र कोणाच्याच अहवालात येत नाही. औषधे आकड्यांसाठी वाटली जात आहेत का?

केसपेपरवर ती एक ओळ या महिन्यात छापा. त्या मुलाच्या धाकट्या भावाचे आणि मावशीच्या मुलांचे रक्त सरकारी खर्चाने तपासा.

आपला,
एक पुणेकर