प्रेक्षक नेपथ्यात शिरतो तेव्हा

ओरलँडो, फ्लोरिडा

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

डिस्ने आणि युनिव्हर्सल या इथल्या दोन थीम पार्कवाल्यांत नेपथ्य सरस कुणाचं, असं तुम्ही विचारलंत. फोटोत दोन्हीकडचं काम तुम्हाला सारखंच दिसलं म्हणालात. प्रश्न तुमचा असल्यामुळे तो फोनवर दोन वाक्यांत उरकावासा वाटला नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी सांगलीत तुम्ही रात्र रात्र जागून नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे त्या उभ्या चौकटी, रंगवायचात, तेव्हा शेजारी रंगाचा डबा धरून मीच उभी असायची. त्यामुळे इथे राइडमध्ये बसण्याआधी माझी नजर भिंतींवर, कोपऱ्यांवर आणि सांध्यांवर जाते.

फोटोत न कळणारी पहिली गोष्ट ही, की इथे प्रेक्षकाला खुर्ची नाही. तो नेपथ्याच्या आतच फिरतो. विंगा नाहीत, पुढची-मागची बाजू नाही. दहाव्या रांगेतून खरं दिसलं की तुमचं काम भागायचं. इथे एका वितीवरून खरं वाटावं लागतं, आणि पाऊस झेलून, हजारो हात लागून वर्षानुवर्षं टिकावं लागतं. म्हणून भिंती बहुतेक सिमेंटच्या गिलाव्याच्या असतात. गिलावा ओला असतानाच कारागीर त्यात विटा, दगड, लाकडाच्या शिरा कोरतात आणि वाळल्यावर रंगाचे थर देऊन ओल, गंज, काजळी आणतात. त्यातही तुम्हाला सर्वात अवघड वाटेल ती गोष्ट म्हणजे दुपारी एकचं ऊन. प्रकाशयोजना सूर्याच्या हातात असते.

ही चुरस कशी लागली ते आधी सांगते. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा बाहेरचं शहर दिसू नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला होता. आतले विभाग मात्र ढोबळ होते. एक जंगलाचा, एक काउबॉयांच्या काळाचा, एक भविष्याचा. १८ जून २०१० ला इथल्या युनिव्हर्सलने हॅरी पॉटरमधलं हॉग्समीड गाव उघडलं आणि सगळं बदललं. एकच गोष्ट घ्यायची आणि दुकानं, खाणं, कचऱ्याचे डबे, स्वच्छतागृहं, सगळं त्या गोष्टीचं करायचं. तिथल्या स्वच्छतागृहात गोष्टीतल्या रडक्या भुताचा आवाज येतो. नेहमीची कोला पेयं विकतच नाहीत, गोष्टीतलं बटरबिअर विकतात आणि त्यासाठी रांगा लागतात. पुढच्याच वर्षी डिस्नेने 'अवतार' या चित्रपटाचे हक्क घेतल्याचं जाहीर केलं आणि २०१२ मध्ये तर स्टार वॉर्सची मालक कंपनीच विकत घेतली. त्यातून मे २०१७ मध्ये अवतारचं पँडोरा आणि २०१९ मध्ये स्टार वॉर्सचं गॅलक्सीज एज उभं राहिलं. युनिव्हर्सलने २०१४ मध्ये डायगन अ‍ॅली ही हॅरी पॉटरमधली जादूगारांची बाजारपेठ आणि २२ मे २०२५ ला एपिक युनिव्हर्स हे अख्खं नवं पार्क उघडलं.

या सगळ्यांत माझं मत डायगन अ‍ॅलीला. का ते जरा सविस्तर सांगते.

बाहेरून तुम्हाला लंडनचा रस्ता दिसतो. किंग्ज क्रॉस स्टेशन, घरांची रांग, लाल टेलिफोन बूथ. त्या बूथमध्ये ६२४४२ हा नंबर फिरवला की पलीकडून जादू मंत्रालयाचा निरोप ऐकू येतो. एका घराच्या वरच्या खिडकीचा पडदा मध्येच सरकतो आणि क्रीचर हा सेवक डोकावून जातो. पण आत कुठून जायचं याची पाटी कुठेच नाही. विटांच्या भिंतींमधून वाट वळते, दोन पावलांत बाहेरचे आवाज बंद होतात आणि समोर एकदम वाकड्यातिकड्या दुकानांची गल्ली उघडते. टोकाला बँकेच्या घुमटावर बसलेला ड्रॅगन दर थोड्या वेळाने आग ओकतो, तेव्हा चेहऱ्याला धग लागते. पडदा उघडण्याआधी प्रेक्षागृहात अंधार करायचा कशासाठी, ते तुम्ही मला समजावलं होतंत. इथे तो अंधार त्या विटांच्या वळणाने साधलाय.

गल्ली अरुंद ठेवलीय हीच त्यांची हुशारी. इमारती उंच आणि रस्ता चिंचोळा असल्यामुळे भर दुपारीही सावली असते आणि रंग उन्हात उडालेले वाटत नाहीत. बाजूला नॉक्टर्न अ‍ॅली नावाचं बोळ आहे. त्यावर छतच घालून कायमची रात्र केलीय. म्हणजे जिथे प्रकाश हवा तसा मिळणार नव्हता, तिथे त्यांनी बांधकामानेच तो मिळवला. गर्दी झाली तरी बिघडत नाही, कारण बाजारपेठेत गर्दी असायचीच.

आणि इथेच मला खरा फरक सापडला. नेपथ्य कितीही देखणं असो, त्यात शिरलेल्या प्रेक्षकाने करायचं काय, याचं उत्तर त्याला न विचारता मिळायला हवं. डायगन अ‍ॅलीत आल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारात हिंडायचं, दुकानांत डोकवायचं, आइस्क्रीम खायचं. बँकेच्या कचेरीत डॉलर देऊन तिथल्या नोटा घेता येतात आणि त्या पार्कमध्ये खरोखर चालतात. तिथला यांत्रिक गॉब्लिन, म्हणजे गोष्टीतला बँकेचा बुटका कारकून, प्रश्नांना उत्तरं देतो. मुलं जादूची कांडी हलवतात आणि दुकानाच्या खिडकीतली वस्तू हलते. कांडीच्या टोकाला परावर्तक असतो आणि खिडकीतला इन्फ्रारेड कॅमेरा हाताची हालचाल वाचतो. जमिनीत पितळी खुणा बसवल्यात, त्यांवर उभं राहून कांडी कशी फिरवायची ते कोरलंय. लहान पोरं तिथे कमालीच्या गांभीर्याने पुन्हा पुन्हा हात फिरवत असतात. ते बघत मी कितीही वेळ उभी राहू शकते.

गॅलक्सीज एजमध्ये कसब याहून जास्त आहे, हे मी मनापासून म्हणते. जवळजवळ १४ एकरांची बाटू नावाच्या ग्रहावरची वस्ती. ती रचण्याआधी डिस्नेची माणसं इस्तंबूल आणि माराकेशचे जुने बाजार बघून आली होती. जमिनीच्या गिलाव्यात यंत्रमानवांच्या चाकांचे माग उमटवलेत. शंभर फुटांहून लांब, पूर्ण आकाराचं अंतराळयान अंगणात उभं आहे. त्याच्या आत सहा जणांना कामं वाटून देतात: दोघे चालक, दोघे तोफांवर, दोघे दुरुस्तीला. कोका-कोला मिळतो, पण गोळ्यासारख्या बाटलीत आणि तिथल्या लिपीत नाव लिहिलेला. राइज ऑफ द रेझिस्टन्स या राइडमध्ये एक दार उघडतं आणि समोर पन्नास सैनिक रांगेत उभे. आजवर बंदिस्त जागेत इतकं भव्य दृश्य मी पाहिलेलं नाही.

तरी त्या वस्तीत फिरताना मी पाहुणीच राहते. बाटू मुद्दाम नवी रचलेली जागा आहे, कुठल्याही चित्रपटात आधी न आलेली. त्यामुळे तिथल्या भिंतींची कुणाला आठवण नाही. कर्मचारी 'ब्राइट सन्स' म्हणून स्वागत करतात, तेव्हा समोरच्याने उत्तर काय द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो संकोचून हसतो. रस्ते रुंद असल्यामुळे दुपारी सगळी वस्ती एका रंगाची दिसते. संध्याकाळी दिवे लागले की मात्र तीच जागा जिवंत होते.

प्रेक्षकाला पूर्ण भूमिकाच देऊन बघायचा प्रयोगही डिस्नेने केला. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी अंतराळयानासारखं एक हॉटेल उघडलं. दोन रात्री आत राहायचं, भोवती नट वावरणार, आणि आपल्या वागण्यानुसार गोष्ट वळणार. दोघांचा खर्च ४,८०० डॉलरच्या आसपास सुरू व्हायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं. जे राहून आले त्यांच्यातले कितीतरी लोक आजही डोळे भरून बोलतात. त्या दरात रोज नवे प्रेक्षक आणणं कुणालाही कठीण होतं, पण कल्पनेत जीव होता असं मला वाटतं.

आता पँडोरा. तुम्हाला सर्वात आवडेल ते बहुधा हेच. तरंगणारे डोंगर डोक्यावर असतात आणि त्यांना धरणारं पोलाद लोंबत्या वेली आणि मुळांच्या आकारात लपवलंय. खालून बघताना भार कुठून उतरलाय ते मी शोधत राहते. खरी झाडं आणि बनवलेली झाडं अशी मिसळलीत की हात लावून बघावं लागतं. चित्रपटातलं एकही पात्र इथे भेटत नाही. चित्रपटातला संघर्ष संपून खूप काळ लोटला, आता हा प्रदेश पर्यटकांना खुला झालाय, अशी कल्पना आहे. म्हणजे तुमची भूमिका पर्यटकाची, आणि तुम्ही आहातच पर्यटक! अभिनय करायची गरजच उरत नाही. इतका साधा तोडगा त्यांना सुचला याचं मला अजून कौतुक वाटतं. रात्री पायाखालची वाट आणि झाडंझुडपं उजळतात. पण पँडोरा ज्यात आहे ते डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम पार्क इतरांच्या मानाने लवकर बंद होतं, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा असताना पुष्कळ लोक ते न बघताच परततात.

एक गोष्ट मला खटकते. युनिव्हर्सलकडे कांडी वेगळी विकत घ्यावी लागते, त्यांच्याच निन्टेन्डो या व्हिडिओ गेमवाल्यांच्या लँडमध्ये ठोकळे बडवून गुण मिळवायला मनगटावरचा पट्टा वेगळा, डिस्नेकडे प्रकाशाची तलवार दोनशे डॉलरच्या पुढे. तिकीट काढून आत आलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या हाताला खिडकी उत्तर देते आणि दुसऱ्याच्या देत नाही. तिकिटातच प्रत्येक मुलाला एक कांडी मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. पँडोरात हा भेद जवळजवळ नाही. झाडं सगळ्यांसाठी उजळतात.

एपिक युनिव्हर्सबद्दल थोडक्यात. मधल्या बागेतून चार जगांत जायला चार मोठी प्रवेशद्वारं आहेत. निन्टेन्डोचं जग हिरव्या पाइपातून शिरल्यावर येतं आणि ते खरं दिसायचा प्रयत्नच करत नाही. तिथे सगळं एकाच वेळी हलत असतं. ड्रॅगनच्या चित्रपटातल्या बर्क बेटावर लहान मुलांना घेऊन जावं. हॅरी पॉटरचं तिसरं लँडही इथेच आहे, १९२० च्या दशकातलं पॅरिस. इमारतींची उंची बघून दडपायला होतं, जस्ताचे पत्रे आणि दगडी सज्जे यांत खोट काढता येत नाही. पण रस्ते रुंद झाले आणि डायगन अ‍ॅलीची जवळीक गेली. गर्दी सामावण्यासाठी ते केलं असणार. तरीही तुम्ही रंगमंचावर लेव्हल, म्हणजे ते चौथरे, लावताना 'नटाला श्वास घ्यायला जागा ठेव, पण त्याला हरवू देऊ नकोस' म्हणायचात, ते मला तिथे सारखं आठवलं.

अ‍ॅनिमल किंगडममध्ये आनंदपूर नावाचं एक काल्पनिक गावही आहे, १९९९ साली उघडलेल्या आशिया विभागात. ज्यांनी पुढे पँडोराचं नेतृत्व केलं त्या जो रोडी यांच्याच हाताखाली ते झालं. वाघांच्या वाटेवर पडक्या राजवाड्याच्या भिंती, पुसट झालेली चित्रं, रंग उडालेल्या दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारांचे गुंते, टेकवून ठेवलेल्या सायकली. नेपाळ, भारत आणि आग्नेय आशिया यांची सरमिसळ असल्यामुळे हे अमुक गाव असं म्हणता येत नाही. पण ओल चढलेली भिंत नेमकी कुठून सोलते, हे त्यांनी बरोबर पाहिलंय. आपल्या डोळ्यांनी तपासता येईल असं इथलं हे एकच काम, आणि ते उतरलंय. बाकीची जगं आपण विश्वासावर घेतो.

तर उत्तर असं. गल्ली, दुकान, कोपरा आणि माणसाला कामाला लावणं यात युनिव्हर्सल पुढे आहे. विस्तार, निसर्ग आणि जुनेपणा यांत डिस्नेचा हात धरणारं कुणी नाही. मला एकच जागा निवडायला सांगितली तर डायगन अ‍ॅली. तुम्ही बहुधा पँडोरा म्हणाल आणि आपला वाद होईल.

येणं जानेवारीतच ठरवा. तेव्हा हवा कोरडी आणि सुखाची असते, आणि लवकर अंधार पडतो म्हणून पँडोरा उजळलेलं बघायला मिळेल. युनिव्हर्सलचं तिकीट मी दोन पार्कांचं काढीन, कारण लंडनहून हॉग्समीडला जाणाऱ्या आगगाडीत बसायला ते लागतंच. जाताना आणि येताना खिडकीतली दृश्यं वेगळी असतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसू. आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर भाड्याने मिळते, तिला आत्तापासून तयार करा, नाहीतर ती नको म्हणेल. फूटपट्टी आणि स्केचची वही हातातल्या बॅगेत ठेवा, आणि विमानाच्या तारखा कळल्या की लगेच फोन करा.

आईला नमस्कार, दादाच्या पिल्लाला गोड पापा.

तुमची,
मनू