जेवायला कुणाबरोबर बसतेस?

बडोदे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही लवकर तापतो, म्हणून कागद घेतला. आई म्हणाली, फोटो काढून पाठवा. नाही, पोस्टानेच टाकणार.

त्या रात्री विज्या आणि मंडळी आली आणि नेहमीचं गुऱ्हाळ सुरू झालं. फाइन आर्ट्सचा गरबा, मग सेवउसळ, विश्वामित्रीच्या पुलावर सायकली आडव्या टाकून मगर शोधणं. तू ताटं उचलता उचलता म्हणालीस, "तुमचे ते सोनेरी दिवस. माझे नुसते दिवस चाललेत." विज्या हसला. मला नाही हसू आलं. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी उरलेली असताना तू बॅग भरलीस.

उपदेश करायला बसलेलो नाही. एवढंच कळव की मेसमध्ये जेवायला कुणाबरोबर बसतेस?

तू गेल्यावर नवसारीहून माईआत्या आली. तिने माझी जुनी इनलँड पत्रं आणली होती, बिस्किटाच्या डब्यात जपलेली. १९८५ची. त्या वर्षी सरकारने मागासवर्गीयांच्या राखीव जागा १० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं आणि गुजरातभर आंदोलन पेटलं. कॉलेजं बंद, परीक्षा पुढे ढकललेल्या, मधूनच कर्फ्यू. जुलैत माधवसिंह सोळंकींनी राजीनामा दिला तोवर वर्षाचं पार खोबरं झालं होतं. एका पत्रात मी लिहिलंय, "प्रतापगंजपासून कलाभवनापर्यंत रोज सायकल मारतो, वाटेत बोलायला कुणी नसतं." डिंकाच्या घडीवरही बारीक अक्षरात उभं लिहिलंय, "आईला सांगू नकोस, पण इथे माझं मन लागत नाही." अक्षर माझंच. आठवत मात्र काही नाही.

तू म्हणशील, बघा, म्हणजे तुमच्या गप्पा थापाच. तसं नाही. गरबा झाला होता, उसळही खाल्ली होती. पण गरब्याहून परतल्यावर पत्र लिहायला कोण बसतं? पत्र लिहायचो ते पोटात गोळा आला की. म्हणजे विज्या एक बाजू निवडून सांगतो आणि त्या डब्यातला मी दुसरी. माणसाला उतारवयात साधारण १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं, असं मानसशास्त्रवाल्यांना आढळलंय. बहुतेक गोष्टी तेव्हाच पहिल्यांदा घडतात, हे त्याचं एक कारण सांगतात. आणि वाईट प्रसंगाची धार चांगल्यापेक्षा लवकर बोथट होते. तेव्हा चाळीस वर्षं घासूनपुसून ठेवलेल्या आमच्या गप्पांशी तू तुझा कालचा मंगळवार ताडून बघू नकोस. मंगळवार बिचारा हरणारच.

सकाळी अर्धा तास चालत जा. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप नको. लायब्ररीत बस, चार चेहरे दिसतात. झालं, सुरू झालं माझं! माफ कर. तुझ्या प्रोजेक्टचा फोटो मी बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवलाय, हे तुला आवडणार नाही, पण दाखवलाय.

एक गोष्ट आमच्या गप्पांत कधी येत नाही. माझ्या खोलीत दिनू होता. गणितात आम्हा सगळ्यांचा बाप. त्या वर्षी तो मेसमध्ये यायचा थांबला, ताट खोलीवर न्यायचा. आम्हाला वाटायचं, अभ्यास करतो. मग कॉलेजं बंद पडली, सगळे गावी गेले. हॉस्टेल उघडलं तेव्हा त्याच्या खाटेवर नुसती सुतळी होती, गादीची वळकटी बांधायची. तो परत आला नाही. पुढे कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. विज्याला मी मध्ये एकदा विचारलं, तर म्हणाला, "कोण रे दिनू?" चेष्टा करत नव्हता. खरंच विसरलाय.

म्हणून विचारतोय गं. मार्कांचं नाही, नोकरीचंही नाही. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन तू आतल्या खोलीत गेलीस ना, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुला तेव्हा पाहुण्यांचा कंटाळा आला असेल, एवढंच असेल. आई तरी तसंच म्हणते. कॉलेज सोडून यावंसं वाटलं तरी ये, मी कारण विचारणार नाही. विचारीन, पण जेवण झाल्यावर.

समोरचे काका शुक्रवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर तुझा राहिलेला स्वेटर, लिलो चेवडो आणि भाकरवडी पाठवतोय. तुझ्या रूममेटला शेंगदाणे चालत नाहीत असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून तिचा डबा आईने वेगळा भरलाय. निळ्या झाकणाचा तिचा. तिचं नाव मात्र तू सांगितलेलं नाहीस, ते कळव.

तुझा,
बाबा