सूचना : पौष अमावास्येचे तारकागुच्छ निरीक्षण

सभासदांनो, ७×५० किंवा १०×५० (७ किंवा १० पट, ५० मिमी भिंगाचा) बायनॉक्युलर असेल तर दुर्बिणीऐवजी तोच आणा. कृत्तिका सुमारे २ अंश पसरलेल्या आहेत. ७०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ मिमी नेत्रिकेने (डोळ्याजवळच्या भिंगाने, २८ पट) जेमतेम पावणेदोन अंश दिसतात, म्हणजे गुच्छ कापला जातो. बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) घरीच ठेवा, दृश्य आणखी आक्रसतं.

फाइंडर (दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी लांबच्या खांबावर जुळवून या (सूर्याच्या आसपास मुळीच नको). अंधारात तो जुळवण्यातच निम्मी रात्र जाते.

कृत्तिका रात्री ८-९ ला जवळपास डोक्यावर असतील. चटई आणा, आडवं होऊन पाहिलं की हात थरथरत नाहीत. मग व्याध : त्याच्या दक्षिणेला ४ अंशांवर एम ४१ हा गुच्छ, बायनॉक्युलरच्या एकाच दृश्यात दोन्ही मावतात. ययाती-शर्मिष्ठा या तारकासमूहांमधला जोडगुच्छ लवकर उरका, तो वायव्येला कलतो. पुष्य नक्षत्रातला गुच्छ शेवटी, पूर्वेला पुरेसा वर आल्यावर.

भिंगावर दव आलं तर पुसू नका, ओरखडे पडतात. वाऱ्यावर सुकू द्या. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की पुन्हा २०-३० मिनिटं वाया.